शेऱ्याचा रकाना

ब्रीडी म्हातारीने सही करताना भलतंच नाव लिहिलं आणि विभावरीचा सगळा दिवस बिघडला. बिघडावा असं त्यात खरं तर काही नव्हतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, समोर संमतीपत्राची चार पानं, चुकायचंच. लेकाने तिला गाडीतून आणून सोडलं होतं. ओला रेनकोट तिने खुर्चीच्या पाठीवर टाकला, "चहा नको गं, मी ग्रँड आहे," म्हणाली, आणि पेन घेऊन झोकात सही ठोकली. बर्नाडेट. मग थांबली. ते खोडून खाली ब्रिजेट लिहिलं. "बघ, बासष्ट वर्षं झाली तिथून सुटून," ती म्हणाली, "हात अजून नन्सचंच ऐकतो." आणि हसली. विभावरीही हसली. असं काही झालं की हसायचं, पण समोरच्यापेक्षा कमी, हे ती या कामात शिकली होती. शाळेत पहिल्या दिवशीच ब्रीडीला सांगण्यात आलं होतं, की इथे एक ब्रीडी आधीच आहे, आजपासून तू बर्नाडेट. ही गोष्ट कॉलेजच्या संग्रहासाठी केलेल्या तिच्या रेकॉर्डिंगमध्ये सतराव्या मिनिटाला येते. विभावरीने ती तीनदा ऐकली होती, मशीनने चुकीची उतरवलेली वाक्यं दुरुस्त केली होती, आणि नोंदपत्रावर 'इतर नावं' या रकान्यात बर्नाडेट हे नाव स्वतःच्या हाताने भरलं होतं. हा रकाना तिचाच हट्ट. मीटिंगमध्ये तिने तो भांडून मिळवला होता. आयर्लंडमध्ये गरिबांची पोरं उचलून इंडस्ट्रियल स्कूल नावाच्या वसतिशाळांमध्ये कोंडली, त्यांची नावं बदलली, केस कापले; आता निदान आपल्या यादीत तरी त्यांना त्यांच्या खऱ्या नावाने सापडू दे, असं ती बोलली होती. तेव्हा तिची बॉस ईफा म्हणाली होती, "फेअर प्ले टू यू, विभा." ते वाक्य विभावरीने पुढे कितीतरी दिवस मनात घोळवलं होतं. घरी नवऱ्याला सांगितलं, पुण्याच्या मैत्रिणीला सांगितलं. माणसाला कौतुक पचत नाही हेच खरं.

पण ते खोडलेलं नाव काही डोळ्यांसमोरून जाईना. ब्रीडी गेल्यावर ती जागेवर येऊन बसली, हेडफोन कानाला लावले आणि काहीच न ऐकता बसून राहिली. खिडकीबाहेर कॉलेजची पोरं पावसात छत्रीशिवाय हिंडत होती. इथल्या पावसाला कुणी पाऊस म्हणतच नाही. मग तिने तो मेल उघडला. तो येऊन तीन आठवडे झाले होते, आणि तीन आठवडे ती तो वाचून पुन्हा न वाचलेला करून ठेवत होती. लोकांच्या दुःखाची नीट सूची करणारी बाई, पण स्वतःच्या दारातलं पत्र तिला तेवढं उचलता येत नव्हतं. मेल अस्मिता पावरा नावाच्या मुलीचा होता. नंदुरबारला एम.ए. करते, सातपुड्यातल्या आश्रमशाळांत शिकलेल्या माणसांच्या हकिकती फोनवर रेकॉर्ड करून जमवते. 'ताई, तुमचं काम नेटवर पाहिलं. आडनावावरून विचारते. गुरुनाथ धामणे सर तुमचे कोण? ते १९८९ साली आमच्याकडच्या आश्रमशाळेत अधीक्षक होते. सरांना मी दोनदा फोन केला. ते म्हणाले, सगळं रेकॉर्डला आहे, रेकॉर्ड बघा. मी माहितीच्या अधिकारात रजिस्टर काढलं आहे. फोटो जोडला आहे. माझी आत्या त्यात आहे, पण कोणती ते कळत नाही.'

गुरुनाथ धामणे सर तिचे वडील, तिचे दादा. ते या घडीला ॲथलोनमध्येच, तिच्या घरी, सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेले असणार. मे महिन्यात तीन महिन्यांसाठी आले होते. फोटोतलं अक्षरही त्यांचंच, टपोरं, शाईचं. सहा ओळी, सहा मुली, सगळ्या एकाच तारखेला दाखल. जन्मतारीख सहाही जणींची एक जून एक्क्याऐंशी. त्याचं तिला नवल वाटलं नाही. ज्या पोरांच्या जन्माची तारीख ठाऊक नसे ती सगळी शाळेच्या कृपेने एक जूनलाच जन्मत. पालकाच्या रकान्यात सहाही ठिकाणी एकाच माणसाचं नाव होतं, कारण पाड्यांवरून त्यांना घेऊन आला तो तिथला कारभारी. आणि नावं: सुरेखा, चित्रा, शर्वाणी, अलकनंदा, मृणाल, स्वप्नाली. पहिल्यांदा वाचताना तिला हसूच आलं होतं. सातपुड्याच्या पोटात, जिथे एसटीसुद्धा दिवसाआड यायची, तिथे अलकनंदा! दादांना मराठी वळण लावायची हौस भारी. शेवटी शेऱ्याचा रकाना होता. चार ओळींपुढे तो कोराच होता. सुरेखापुढे 'मयत – ताप'. अलकनंदापुढे 'पळून गेली, नाव कमी केले'. दोन्ही नोंदी ऑगस्टमधल्या एकाच आठवड्यातल्या.

अस्मिताने सगळं सरळ लिहिलं होतं. तिच्या आत्याचं नाव खेमी. वर्षानुवर्षं घरात एवढंच ठाऊक, की खेमी शाळेतून पळाली. कारभाऱ्याने येऊन तसं सांगितलं होतं. आजी अजून आहे, सत्तरी उलटली आहे. पस्तीस-छत्तीस वर्षं ती वाट बघते आहे; पळालेली पोर कुठेतरी असणार, सुरतेकडे, ऊसतोडीला, कुणाच्या घरात. बाजारात पंचेचाळिशीची बाई दिसली की आजी तिच्या तोंडाकडे बघत राहते. पण अस्मिताला त्या सहांपैकी एक बाई भेटली. ती म्हणाली, त्या दोघी तापाने फणफणल्या होत्या, त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, मग दोघीही दिसेनाशा झाल्या. एक मेली नि एक पळाली एवढं कानावर आलं, कोण कुठली ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्ही आपसात घरच्याच नावाने हाक मारायचो, हजेरीला कोण कुठल्या नावाला ओ द्यायची ते आता आठवत नाही. दुसऱ्या मुलीचं घर धरणाच्या पाण्यापायी उठलं आणि गुजरातेत कुठे गेलं याचा पत्ता नाही. 'म्हणजे ताई,' अस्मिताने शेवटी लिहिलं होतं, 'खेमी सुरेखा होती की अलकनंदा, एवढंच कळायला हवं. सुरेखा असेल तर आजी दिवस घालेल. अलकनंदा असेल तर वाट बघेल. आजी म्हणते, दोन्हीपैकी एक करायला मिळू दे.'

त्या संध्याकाळी विभावरी घरी गेली ती दातओठ खातच. दादांवरचा हा राग तसा जुना होता. त्या शाळेत ती चौथी-पाचवी दोन वर्षं शिकली होती, पण रात्री क्वार्टरमध्ये आईजवळ झोपायची. बाकीच्या मुली पत्र्याच्या लांब खोलीत सतरंजीवर झोपत. सकाळच्या प्रार्थनेला ज्यांची सतरंजी रात्री ओली झाली त्यांना ती डोक्यावर धरून उभं करत. हे करायला सांगायचे दादा. ब्रीडीच्या रेकॉर्डिंगमध्येही हे होतं, ओली चादर आणि थंड गच्ची, आणि ते ऐकताना विभावरीच्या नाकात थेट त्या अंगणातला वास आला होता, ओल्या सुताचा, रॉकेलचा आणि करपलेल्या डाळीचा. तेव्हापासून तिने मनातल्या मनात दादांना नन्सच्या रांगेत नेऊन उभं केलं होतं. घरी मात्र ती त्यांना गरम पोळी वाढत होती. आता ती स्वयंपाकघरात शिरली तर दादा साखर शोधत होते आणि सानिका, तिची लेक, फोनमधून डोकं न काढता सांगत होती, "इट्स इन द प्रेस, आजोबा." "इस्त्रीत साखर कशाला ठेवता रे तुम्ही?" दादा म्हणाले. इथे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात हे त्यांना आल्यापासून वीस वेळा सांगून झालं होतं. त्यांनी ते न शिकायचं ठरवलेलं होतं. नवरा, जयेश, प्लँटमधून यायचा होता. विभावरीने साखर काढून दिली, सानिकाला वर पाठवलं आणि पर्स खांद्याला तशीच ठेवून म्हणाली, "दादा, खेमी कोण?"

त्यांना काही कळलं नाही. मग तिने फोटो दाखवला. त्यांनी चष्मा पुसून आधी स्वतःच्या अक्षराकडे पाहिलं, जरा खूश झाले. "ती नंदुरबारची पोरगी ना? मी तिला सांगितलं रेकॉर्ड बघ म्हणून."

"रेकॉर्डमध्ये आपण लिहिलेलं आहे, दादा. तिचं घरचं नाव कुठे आहे?"

"घरची नावं कशी लिहिणार? बुधवारी झाली की बुधी. एका वर्गात चार-चार बुधी. साहेब तपासणीला आला की मस्टर वाचून हसायचा. त्यांना पुढे नोकऱ्या लागाव्यात म्हणून करायचो गं आपण. माझ्या हाताखालची पोरं तलाठी झालीयेत."

"यातली मेली ती कोण होती?"

चमचा कपात फिरत राहिला. "त्या वर्षी साथ होती," ते म्हणाले. "डॉक्टर तीस किलोमीटरवर. गाडी नाही, नदीला पूर. पहाटे एकीला खांद्यावर घेऊन निघालो मी. शिपाई पुढे कंदील घेऊन. नदीपर्यंतसुद्धा पोचलो नाही. परत आलो तर खोलीत दुसरी नाही. घाबरली असेल बिचारी, दार उघडंच होतं." त्यांनी कप खाली ठेवला. "हलकी होती गं. त्या वयाची तू केवढी जड होतीस. पण नाव काय सांगू? शिपायाने मस्टरमधून वाचून सांगितलं, ते मी शेऱ्यात लिहिलं. पुरल्यावर कारभाऱ्याला निरोप धाडला, सुरेखा वारली नि अलकनंदा पळाली. त्याने कुणाच्या घरी काय सांगितलं, तो जाणे. त्याला तरी कुठे ठाऊक सुरेखा कोण नि अलकनंदा कोण."

विभावरीला एकदम सगळं उलगडलं आणि ती कट्ट्याला टेकली. कारभारी दोन घरी गेला असणार. दोन बायांसमोर उभा राहून त्याने अंदाजाने एकीला मरण दिलं आणि दुसरीला आशा. कुणी सांगावं, ज्या घराने दिवस घातले त्यांचीच पोर पळाली असेल. तिचा आवाज चढला. ती पर्स हिसडून खुर्चीवर टाकत म्हणाली, "तुम्ही अशी नावं ठेवलीत तरी कशाला पण, दादा? अलकनंदा! स्वप्नाली! त्यांच्या जिभेवर तरी बसत होती का? माणसाचं नाव काढून घेताना तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही? मी इथे रोज हेच ऐकते, दादा, रोज!"

दादा तिच्याकडे पाहत राहिले. रागावले नाहीत. खरोखर चकित झाले होते. "मी कुठे?" ते म्हणाले. "नावं तू ठेवायचीस की."

आणि मग थोडं हसूनच म्हणाले, "टेबलावर बसायचीस, पाय हलवत. तुला तिथे करमायचं नाही, नाशिकच्या मैत्रिणींसाठी रडायचीस. म्हटलं तेवढाच पोरीचा वेळ जाईल. मी म्हणायचो, विभा, बोल, आणि तू झटक्यासरशी नाव सांगायचीस. तुझी आई म्हणायची, काय गोड निवडते."

हे खोटं असतं तर किती बरं झालं असतं. पण दादांचं बोलणं संपायच्या आत तिच्या मांड्यांना त्या टेबलाचा थंड पत्रा लागला. फाइलींवर पाय ठेवू नकोस, हे दादांचं वाक्य कानात आलं. सुरेखा दीक्षित, चित्रा, शर्वाणी, अलकनंदा, जिच्या डब्यात रोज साखरांबा असायचा, मृणाल, स्वप्नाली. नाशिकच्या शाळेचा तिसरीचा वर्ग, खिडकीकडची रांग. बदली झाली तेव्हा ती सगळी रांग तिच्यापासून तुटली होती, आणि तिने ती पुन्हा मांडली होती. समोर सहा मुली उभ्या होत्या, नुकतीच डोकी भादरलेल्या, रॉकेलचा वास येणाऱ्या, एकाच ताग्यातल्या झग्यांत. तिला किती मजा आली होती! हे आता नाकारण्यात अर्थ नव्हता. भातुकलीत आई झाल्यावर यावी तशी मजा. एक तर टेबलाची कड धरून उभी होती, आणि दादांनी नाव विचारल्यावर तिने आपलं नाव सांगितलंही होतं, दोनदा, दुसऱ्यांदा मोठ्याने. विभावरी खळखळून हसली होती. हे काय नाव आहे! मुलगीही मग हसली, काय चाललंय ते न कळून. पुढचे दात पडलेले होते. ते नाव खेमी होतं. किंवा आता मेल वाचून ते खेमी झालं होतं. इतक्या वर्षांत त्या तोंडात कुठलाच शब्द उरला नव्हता, फक्त आवाज होता. आणि त्या हसण्यानंतर दादा म्हणाले होते, विभा, बोल. मग ती काय बोलली? इथे आलं की सगळं पुसट होत होतं. सुरेखा तिची जिवलग, ते नाव तिने सगळ्यात आधी दिलं असणार, रांगेतल्या पहिलीला. टेबलाची कड धरून उभी होती ती पहिली होती का? की जिवलग मैत्रिणीचं नाव तिने राखून ठेवलं, आणि जी हसली, जी आवडली, तिला दिलं? रजिस्टरात सुरेखाची ओळ पहिली होती. पण दादा आधी कच्च्या कागदावर लिहायचे आणि रात्री पक्कं करायचे. मधले दोन-अडीच महिने त्या मुली तिच्याच शाळेत होत्या, तिने त्यांना रोज पाहिलं असणार, तरी एकीचाही चेहरा येईना. एकीचं नाव तिने दिलं होतं नि त्याच नावाने ती जमिनीत गेली. ते कळल्यावर तेव्हा आपण रडलो होतो का, हेही तिला आठवेना. बहुधा नाही. तिला कुणी सांगितलंच नसेल. पोरीला कशाला, आई म्हणाली असेल.

पुढचे तीन दिवस ती कामावर गेली आणि दुसऱ्यांच्या आठवणी दुरुस्त करत बसली. नन्सचा राग येईना. एका रेकॉर्डिंगमध्ये एक म्हातारा म्हणत होता, की आमच्या शाळेत यायचा तो डॉक्टर काही वाईट नव्हता, त्याच्या पोरी नाताळला आम्हाला चॉकलेटं द्यायच्या. विभावरीने तिथे थांबून ते वाक्य पाच-सहा वेळा ऐकलं. कुठल्याच संग्रहात त्या पोरींसाठी रकाना नव्हता. ईफाला सांगावं असं तिच्या मनात आलं, पण ईफा काय म्हणाली असती ते तिला आधीच ठाऊक होतं: तू नऊ वर्षांची होतीस, विभा. जयेशही तेच म्हणाला, वर म्हणाला, "सरळ लिही ना तिला, आठवत नाही म्हणून. खोटं थोडंच आहे?" खोटं नव्हतं. पण आठवत नाही हे वाक्य दादांनीही वेगळ्या शब्दांत म्हटलं होतं, शिपायाने म्हटलं असतं, कारभाऱ्याने म्हटलं असतं, आणि त्या वाक्यांच्या ढिगाखाली खेमीची आई छत्तीस वर्षं बसून होती. एकदा भाजी निवडताना दादा मध्येच म्हणाले, "तिच्या पायात चांदीचा वाळा होता एका, सगळ्याच पोरींच्या असायचा तसा. मी काढला नाही." कुणाच्या, हे तिने विचारलं नाही. तेही म्हणाले नाहीत.

शनिवारी सकाळी नऊला तिने अस्मिताला फोन लावला. तिकडे दीड वाजला होता, कोंबड्यांचा आवाज येत होता. अस्मिता पाड्यावर आली होती, आजीजवळ. "ताई, स्पीकरवर टाकते हं, आजीला मराठी येत नाही, मी सांगते तिला." विभावरीने ठरवलं होतं तसं सगळं सांगितलं. नावं आपण ठेवली. आपण नऊ वर्षांच्या होतो. एका मुलीने आपलं नाव सांगितलं होतं आणि आपण हसलो होतो. नदी, पूर, खांदा. अस्मिता थांबून-थांबून त्यांच्या पावरी बोलीत सांगत गेली. आता शिव्या येतील, असं विभावरीला वाटलं, आणि याव्यात असंही वाटलं. पण म्हातारी शांतपणे काहीतरी बोलली.

"आजी विचारते," अस्मिता म्हणाली, "हसली होती का ती? म्हणजे तुम्ही हसलात तेव्हा?"

"हो," विभावरी म्हणाली. "हसली. पुढचे दात नव्हते तिचे."

पलीकडे घाईघाईत बोलणं झालं. म्हातारीचा आवाज चढला होता, त्यात काहीतरी लकाकलं होतं. "खेमीचे दात पडले होते ताई! आजी म्हणते, ती तीच. नक्की तीच." आठ वर्षांच्या सगळ्याच पोरींचे दात पडलेले असतात, हे विभावरीच्या ओठांवर आलं. आता म्हातारी फोनच्या अगदी जवळ आली असावी, तिचा श्वास ऐकू येत होता. ती तेच-तेच पुन्हा विचारत होती, आणि अस्मिता सांगायच्या आधीच विभावरीला कळलं होतं की ती काय विचारते आहे.

"ताई, आजी म्हणते, त्या मुलीला तुम्ही काय नाव दिलंत?"

विभावरी तोंड उघडून उभी राहिली. आठवत नाही, एवढंच म्हणायचं होतं. ती ते म्हणणारच होती. पण प्रश्न तसाच होता, तसाच टेबलापलीकडून आलेला, आणि त्याला उत्तर द्यायची तिच्या जिभेला फार जुनी सवय होती.

"सुरेखा," ती म्हणाली.

फोनमध्ये कोंबड्या ओरडत राहिल्या. अस्मिताला शेऱ्याचा रकाना पाठ होता. "बरं," ती हळूच म्हणाली, आणि मग तोंड वळवून आजीशी बोलली, दोन-तीन शब्दच. "थांब अस्मिता," विभावरी म्हणाली, "पक्कं नाहीये, मला पक्कं आठवत नाहीये, ते नुसतं तोंडातून... ऐकतेयस ना? तिला सांग, पक्कं नाही." पण तिकडे म्हातारीने हंबरडा फोडला होता, लांब, सुरावरचा, कित्येक वर्षं तयार असलेला, आजूबाजूच्या घरांतून बायका धावत आल्याचा गलका झाला, त्यांनीही तोच सूर उचलला, आणि विभावरी फोन दोन्ही हातांनी धरून त्या म्हातारीला न येणाऱ्या मराठीत सांगत राहिली, पक्कं नाही हो, पक्कं नाही.